खालीवर आलेली सम

खारुटीची शेपूट पुन्हा मागे राहिली आणि वर्गात हशा पिकला.

गाणंच तसं होतं. 'थांब थांब खारुटले, शेपूट मागे राहिली.' ढवळीकर सरांनी ते फार वर्षांपूर्वी आपल्या लेकीसाठी रचलं होतं. कराडच्या त्यांच्या वर्गात येणारं प्रत्येक मूल सगळ्यांत आधी तेच गाणं शिकायचं. पण आज शेपूट खरोखरच मागे राहत होती. मुलं ओळ संपवून पुढच्या ओळीत शिरत, तेव्हा कुठे लॅपटॉपमधून आधीच्या ओळीचा तबला येई. त्याला धरावं म्हणून मुलं रेंगाळत. मुलं रेंगाळली हे ऐकून तिकडचा तबला आणखी रेंगाळे. शेवटी गाणं चिखलात रुतलेल्या गाडीसारखं जागच्या जागी थांबे.

तबला वाजवत होती सरांची लेक, चारुता. आणि ती बसली होती चंद्रावर.

यात आता कुणाला फारसं नवल वाटत नसे. पूर्वी माणसं आखातात नोकरीला जात, तशी आता चांद्रवस्तीवर जात. चारुता तिथे बर्फापासून पाणी काढणाऱ्या यंत्रणेवर होती. सोबत न्यायच्या मोजक्या वजनात तिने कपडे कमी केले आणि तबला नेला. डग्गा काही बसेना, म्हणून तिथे गेल्यावर गाळणीच्या रिकाम्या डब्यावर रबर ताणून तिने एक बनवला. तिथलं वजन इथल्याचा सहावा हिस्सा, त्यामुळे जोरात थाप दिली की दोन्ही वाद्यं बेडकासारखी उडत. ती त्यांना जमिनीला पट्ट्याने बांधून ठेवी.

गुरुपौर्णिमेला वर्गाचा कार्यक्रम असे, आणि तबल्याला नेहमी चारुताच. पहिल्यांदा बसली तेव्हा तिचे हात डग्ग्यावर नीट पोचतही नव्हते. निघताना ती म्हणाली होती, "बाबा, यंदाही मीच. पौर्णिमा आहे, मी समोरच असेन."

"ते सगळं ठीक," सरांकडून हे ऐकून अस्मा मुल्ला म्हणाली, "पण सर, आधी ते कानातले काढा."

अस्मा ही सरांची जुनी विद्यार्थिनी. आता गावात तिचा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ होता. सरांनी निमूटपणे बिनवायरचे हेडफोन काढून दिले.

"हे आवाजाची घडी घालतात, पाठवतात, पुन्हा उलगडतात. सिनेमा बघायला छान, गायला नाही." तिने वायरवाले हेडफोन जोडले, वाय-फाय बंद करून केबल लावली आणि लॅपटॉपची बॅटरी वाचवण्याची सोयही बंद केली. "हा गडी वीज वाचवायच्या नादात मधेच डुलकी काढतो. आणि मागच्या दाराने अपडेट उतरवत बसलाय तो वेगळाच. आता बफर तेवढा कमी करते."

"आणि ते बफर काय गं?" पहिल्या रांगेतल्या सानवीने विचारलं. तिला प्रत्येक गोष्ट विचारायचीच असे.

उत्तर सरांनी दिलं. संध्याकाळी गाण्याचा वर्ग चालवत त्यांनी सारी नोकरी शाळेत विज्ञान शिकवण्यात घालवली होती, आणि अशी संधी ते सोडत नसत.

"पंगतीत वाढपी एकेक पुरी घेऊन धावतो का? नाही. परात भरतो आणि मग निघतो. लॅपटॉपही आवाजाचे बारीक बारीक तुकडे परातीत भरतो, मग पुढे पाठवतो. त्या परातीचं नाव बफर. परात मोठी, तर भरायला वेळ लागतो, पानावरचा माणूस ताटकळतो. परात लहान, तर पुरी पटकन येते. पण वाढपी जरा अडखळला की पान रिकामं. स्पीकरमधून मघाशी टक्‌टक्‌ येत होतं ना, ती रिकामी पानं."

अस्माने परात लहान लहान करत नेली, टक्‌टक्‌ सुरू झाली की किंचित मोठी करायची. संध्याकाळपर्यंत लॅपटॉपचा उशीर इतका कमी झाला की तो असून नसल्यासारखा. मुलांनी गाणं धरलं. शेपूट तिथेच, मागे.

"उरला तो चंद्राचा," अस्मा म्हणाली आणि हात टेकून बसली.

रेडिओच्या लहरींवर बसून प्रकाशाच्या वेगाने निघालेल्या इथल्या आवाजाला चंद्रावर जायला सव्वा सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो, तिथला यायला तेवढाच. जाऊन येऊन अडीच सेकंद आणि वर थोडं.

"सर, मग प्रकाशाला जरा जोरात पळायला सांगा की," सानवी म्हणाली.

"त्याच्याहून जोरात पळणारं अजून कुणी भेटलेलं नाही बाळ. नाहीतर त्यालाच पाठवलं असतं."

दोन दिवसांनी अस्मा 'पूर्वताल' घेऊन आली.

पूर्वतालबद्दल सरांनी ऐकलं होतं. त्याची युक्ती ऐकायला सोपी होती. घरात रोज जेवणारा माणूस भाकरी कधी मागणार हे स्वयंपाक करणाऱ्या बाईला ठाऊक असतं, ती मागायच्या आत वाढते. तसंच पूर्वताल एखाद्याचं जुनं वादन तासन्‌तास ऐकतं, त्याच्या सवयी शिकतं आणि पुढचा बोल तो कोणता वाजवील हे ओळखून आधीच वाजवतं. खरा आवाज मागाहून पोचला की आपल्या अंदाजाशी ताडून पाहतं आणि चुकलं असेल तर पुढे सुधारून घेतं. बोलण्यासाठीही ते सर्रास वापरत. परदेशातल्या नातवाशी बोलताना मधे आलेला 'हं' त्याचा की त्याच्या पूर्वतालचा, हे आजीआजोबांनी विचारायचं सोडून दिलं होतं.

चारुताचं वादन घरात भरपूर होतं, अगदी दात पडलेल्या वयापासूनचं. ते सगळं यंत्राला ऐकवलं. मग मुलांनी गाणं धरलं आणि पहिल्या समेवर तबल्याचा 'धा' असा नेमका पडला की मुलं गाता गाता एकमेकांकडे बघून हसली.

सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. गाणारे-वाजवणारे सगळे तिथे भेटतात. वर्गातली मुलं समेला टाळी देत. तालाच्या मध्यावर येते ती खाली. तिथे डग्गा गप्प बसतो, आणि मुलं टाळी न देता तळहात उलटा करून हवेत दाखवत. टाळी, मग उलटा हात, पुन्हा टाळी. सगळं सुतासारखं सरळ चाललं. शेवटच्या कडव्यात तबल्याने बोलांचा एक तुकडा असा घेतला की सरांच्या तोंडून आपसूक निघालं, "वा, चारू. क्या बात है."

गाणं संपलं. नेहमीचा उशीर गेला, आणि मग चंद्रावरून आवाज आला.

"बाबा, तो तुकडा मी नाही वाजवला."

"म्हणजे?"

"दुसऱ्या कडव्याला पंपाचा इशारा वाजला. मी उठून गेले होते. आत्ता येऊन बसतेय."

अस्माने कपाळाला हात लावला. तिकडून तबला यायचा थांबला, तेव्हा संपर्क तुटला असं समजून पूर्वतालने आपल्या मनाने पुढचं भरून काढलं होतं. त्याच्या लेखी ते सौजन्यच होतं.

"छान होता का तुकडा?" चारुताने विचारलं.

सर खोटं बोलत नसत. "छान होता."

"माझ्यापेक्षा?"

सर हेडफोनची वायर सरळ करत बसले. गप्प बसणंही चंद्रावर पोचायला तेवढाच वेळ घेतं, पण हे पोचलं ते मोठं होऊन.

"मग पौर्णिमेला त्यालाच बसवा," ती म्हणाली. आवाज शांत होता आणि सरांना तेच टोचलं. "मी कामाची पाळी बदलून मागितली होती, ती परत करते. तुम्हाला कळत नसेल मी आहे की नाही, तर मी कशाला?"

दुसऱ्या दिवशी सर मुलांना घेऊन गावाबाहेरच्या मोठ्या गोदामापाशी गेले. गाण्यात लक्ष लागत नव्हतं, आणि अशा वेळी ते विज्ञान शिकवत. गोदामाची भिंत लांबलचक आणि सपाट होती, समोर मोकळं रान. मुलांना भिंतीपासून बरंच लांब उभं करून त्यांनी एक टाळी वाजवली. क्षणभराने भिंतीने ती परत केली.

"आता सगळ्यांनी मिळून टाळ्या. पण अशा बेताने, की भिंतीची टाळी आपल्या पुढच्या टाळीवर बरोबर येऊन बसली पाहिजे."

ते आधी जमेना. मग लय हळूहळू जागेवर आली, आणि एकाएकी प्रतिध्वनी नाहीसा झाला. म्हणजे होता, पण मुलांच्याच टाळीत मिसळून गेला होता. चारुता लहान असताना तिला त्यांनी हे इथेच दाखवलं होतं, आणि 'भिंत कुठे गेली' म्हणून ती भिंतीला हात लावून यायला धावली होती.

"सर, भिंत उशीर करते," सानवी म्हणाली, "पण चुकत नाही."

"कारण तिचा उशीर रोज तेवढाच असतो. आपला दूधवाला बघ, दहा मिनिटं उशिरा येतो, पण रोज दहाच. म्हणून आपला चहा कधी..."

सर बोलता बोलता थांबले.

"सर, चहाचं काय?"

"सानवी, सगळे मिळून टाळी निम्म्या वेगाने वाजवा बघू."

मुलांनी वाजवली. भिंतीची टाळी आता दोन टाळ्यांच्या बरोबर मध्ये येऊ लागली. टाळी, भिंत, टाळी, भिंत. एका पोराने भिंतीच्या टाळीला हात उलटा केला, सवयीने, खाली दाखवतात तसा.

सर त्या उलट्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चला, घरी चला. सगळे चला. आपण इतके दिवस उशीर हाकलायच्या मागे लागलोय. त्याला मात्रांत बसवायला हवा होता."

चारुताने फोन घेतला, पण 'बोला बाबा' एवढंच म्हणाली. सरांनी माफी वगैरे काही मागितली नाही. सरळ गोदामाची भिंत सांगायला लागले. थोड्या वेळाने तिकडून प्रश्न आला, मग आणखी एक. आणि मग ती म्हणाली, "थांबा, कागद घेते." तेव्हा सर खुर्चीत नीट मागे टेकून बसले.

अस्मा मात्र हादरली. "सर, उशीर कमी करायला मी रक्त आटवलं. आता ठेवू म्हणता?"

"ठेव, आणि बांधून टाक. कमी नको, जास्त नको, रोज तेवढाच. लॅपटॉपची परात हवी तर मोठी कर. फक्त वाढपी अडखळता कामा नये."

"म्हणजे उलट सोपं झालं की." तिने परात मोठी केली. टक्‌टक्‌ कायमची गेली.

जाऊन येऊन जेवढा वेळ लागतो तेवढ्यात समेपासून समेपर्यंत तालाचं एक पूर्ण आवर्तन बसवायचं, असा पहिला बेत होता. म्हणजे चारुता ऐकेल तसं वाजवील आणि तिचा तबला बरोबर पुढच्या समेवर येईल. पण अडीच सेकंदांत केरव्याच्या आठ मात्रा म्हणजे खारुट नव्हे, तिच्यामागे कुत्रं लागलेलं. मुलांची बोबडी वळली. मग सरांनी लय निम्मी केली. आता तेवढ्या वेळात अर्धं आवर्तन बसत होतं, गाणं अगदी सुखात चाललं होतं, आणि तबला येऊन पडला.

मुलांनी खालीला हात उलटे केले, आणि नेमका तिथे स्पीकरमधून 'धा' घुमला. मुलं टाळी द्यायची तिथे डग्गा गप्प.

"सर," सानवी म्हणाली, "ताई खालीवर समेवर येतेय."

"बरोबर आहे. ती आपली सम ऐकून सम वाजवते, पण ती इथे पोचेपर्यंत आपण मध्यावर आलेले असतो." सर लॅपटॉपकडे वळले. "चारू, आमची खाली ऐकू आली की तू तिथे सम धर. अर्ध्या आवर्तनाने ती इथे येईल, आणि आमच्या समेवर बसेल."

चंद्राचा उशीर गेला. त्यावर तिचा स्वतःचाही थोडा गेला.

"म्हणजे माझ्या कानाला सगळं उलटं. तुम्ही समेवर, मी खालीवर."

"हो."

"तुमच्याकडे सरळ."

"हो. कुणाला तरी उलटं ऐकावंच लागणार. चंद्राचं अंतर कुठे जाणार?"

"लहानपणी सम चुकले की डग्ग्यावर छडी आपटायचात बाबा. आता मुद्दाम चुकायचं, आणि तेही अख्खं गाणं."

"चूक नाही ती. तिथून दिसते चूक."

"मग तुमच्या त्या पूर्वतालला सांगा की, तो करील."

"त्याला जमणार नाही," अस्मा मधे म्हणाली. "दर समेला तुझी चूक झाली म्हणून सुधारत बसेल."

मग चारुताचं हसू आलं. उशिरा निघालं होतं, पण पोचलं पुरतं. "पाळी परत दिली नव्हती मी," ती म्हणाली. "चला, धरा."

आठवडाभर तालीम चालली. ती जड गेली ती चारुतालाच. हात आपोआप मुलांच्या समेकडे ओढला जाई, आणि ओढला गेला की इथे सगळं कोसळे. शिवाय चंद्र काही एका जागी बसत नाही. फिरता फिरता तो कधी जवळ येतो, कधी लांब जातो, आणि त्याबरोबर उशीरही वाढतो-घटतो. तालमीला बसण्याआधी अस्मा त्या दिवसाचं अंतर बघून लय ठरवून देई. "आज लांब गेलाय. खारुटीला जरा दम खाऊ द्या." मुलांना याचं फार अप्रूप वाटे. गाणं किती संथ म्हणायचं हे चंद्राने ठरवावं, ही गोष्ट ती घरोघर सांगत सुटली.

पौर्णिमेला संध्याकाळी सभागृह भरलं. आकाशात ढग होते, चंद्र दिसत नव्हता, पण रेडिओच्या लहरींना ढगांची पर्वा नसते. एका पालकांनी सरांना गाठलं. "सर, सरळ यंत्र लावलं असतं तर? ऐन वेळी फसलं तर मुलं हिरमुसतील हो."

"फसलं तर खरं फसेल," सर म्हणाले आणि पेटीवर जाऊन बसले.

मुलांनी पहिली ओळ तबल्याविना धरली. टाळी, उलटा हात. हे सूर आता वर निघाले होते. तिकडे एका बंद खोलीत जमिनीला बांधलेल्या तबल्यापुढे चारुता बसली होती, आणि या मुलांच्या टाळीवर हात आवरून धरून त्यांच्या उलट्या हाताची वाट पाहत होती. सरांची बोटं पेटीवर फिरत होती, पण कान सगळे स्पीकरपाशी होते.

पुढची सम आली. मुलांची टाळी पडली आणि त्याच टाळीत 'धा' पडला.

असा पडला, की सभागृहात कुणीतरी 'आहा' म्हणालं. दुसऱ्या आवर्तनाला पुन्हा, तिसऱ्याला पुन्हा. डब्याच्या डग्ग्याचा आवाज जरा घोगरा होता, तबल्याचा सूर कोरड्या हवेने चढला होता. पूर्वतालच्या तबल्याइतकं ते गुळगुळीत नव्हतंच. मधेच एक बोल जरासा निसटलाही. सरांना तो निसटलेला बोल फार आवडला. उठून गेलेलं माणूस चुकत नसतं.

शेवटच्या कडव्यानंतर मुलं गायची थांबली आणि नुसत्या टाळ्यांनी ताल धरून राहिली. चारुताने तिहाई घेतली. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवायचा, आणि तिसऱ्याचा शेवटचा ठोका नेमका समेवर टाकायचा. तिच्या कानात मात्र मुलांची सम भलत्याच ठिकाणी वाजत होती. त्या टाळीकडे पाठ फिरवून, कुणीही टाळी देत नव्हतं अशा जागी तिला उडी टाकायची होती. पहिला तुकडा गेला. दुसरा गेला. मुलं श्वास रोखून टाळ्या देत होती. तिसरा घरंगळत आला आणि सगळ्यांच्या टाळीवर, अगदी मधोमध, येऊन बसला.

सभागृह उभं राहिलं. लोक टाळ्या वाजवत होते, त्या वर पोचायच्या होत्या, आणि सर हात उंचावून 'थांबा, थांबा' असं खुणावत होते. लोक थांबले. मग स्पीकरमधून चारुताचं हसणं आलं, धाप लागलेलं, आणि लोकांनी पुन्हा टाळ्यांचा कडकडाट केला.

लोक पांगायला लागले. अस्मा वायरी गुंडाळणार तेवढ्यात सर म्हणाले, "राहू दे अजून." ते पेटीवरून उठले आणि कोपऱ्यातला तबला-डग्गा ओढून त्यापुढे बसले. चारुताला शिकवलेला हात त्यांचाच. अलीकडे तो फारसा चालत नव्हता.

"चारू, गा."

"मी? बाबा, इथल्या हवेने घसा बसलाय माझा. आणि लोक घरी निघालेत."

"निघू देत. आठवडाभर उलटं ऐकलंस. आता सरळ ऐक."

उशीर गेला. मग चंद्रावरून बसक्या आवाजात ओळ आली, 'थांब थांब खारुटले.' तिच्याबरोबर तिची टाळीही आली. सरांचा हात त्या टाळीवर पडायला निघाला आणि त्यांनी तो जेमतेम आवरला. किती कठीण होतं हे. उभ्या जन्माची सवय समेकडे ओढत होती. सानवी आणि दोघीतिघी मुली घरी न जाता समोर येऊन बसल्या, आणि ताईच्या खालीला त्यांनी तळहात उलटे करून सरांना दाखवले.

तिथे सरांनी 'धा' दिला. इथे ऐकणाऱ्या कुणालाही ती चूकच वाटली असती. दारातून मागे वळलेले एक-दोन पालक चमकून बघतही होते. पण तो 'धा' वर निघाला होता.

सर वाजवत राहिले, उलटंच. एक आवर्तन गेलं, दुसरं गेलं, आणि गाण्याची ओळ मधेच तुटली.

"बाबा," चारुता म्हणाली, "सम आली."

सरांनी मान हलवली, पण हात थांबवला नाही. मुलींचे तळहात पुन्हा उलटे व्हायला लागले होते.